माईबरोबर खंडाळ्याला

तार इंग्रजीत होती आणि तिच्यात दोनच शब्द होते. मी कोर्टातून येऊन कोट खुंटीला अडकवत होतो, तेवढ्यात शिपाई दारात उभा राहिला. तार वाचली, घडी करून खिशात घातली आणि काढलेला कोट पुन्हा अंगात चढवला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "कुणाची रे तार?" मी म्हटलं, "कर्जतची. माई गेली." आईनं डोळ्यांना पदर लावला. ती मनापासून रडली, त्याबद्दल मला शंका नाही. मग नाक पुसून म्हणाली, "जाण्याआधी भटजींना विचारून घे हो, तुला किती दिवसांचं सुतक येतं ते."

वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो. माई म्हणजे मला जन्म देणारी. आई म्हणजे जिच्या घरी मी नवव्या वर्षी दत्तक गेलो ती. भटजी आमच्या पुण्याच्या घरापासून चार घरं सोडून राहतात. त्यांनी पंचांगातून मान वर न काढता निकाल दिला. "दत्तक गेलेल्याला जन्मदात्रीचं तीन दिवस. सख्ख्या मुलांना दहा." मी वकील आहे, निकाल ऐकून घ्यायची मला सवय आहे, पण तो 'सख्ख्या' शब्द मी कर्जतपर्यंत गाडीत चघळत बसलो. सख्खी मुलं म्हणजे माझे दोन भाऊ, थोरला बंडूदादा आणि धाकटा विनू. मधला मी. मधल्याचं सख्खेपण सतरा वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या एका बंगल्यात संपलं होतं.

माईला जाऊन आज महिना होत आला. रविवारच्या पुरवणीत लोक आपापल्या आयांबद्दल किती सुंदर लिहितात! तशाच गोड शब्दांनी मीही सुरुवात केली होती. दोन कागद लिहिले आणि दोन्ही फाडले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, ते मलाही कळतं. पण चांगलं तेवढंच लिहिलं तर ती माझी माई होणार नाही, आणि लिहिणारा मीही राहणार नाही.

तशी ती होती फार गोड. कर्जतला स्टेशनाच्या अलीकडे आमच्या काकांचं घर. वडील मानमोडीच्या साथीत तीन दिवसांच्या तापानं गेले आणि माई आम्हा तिघांना घेऊन काकांच्या आश्रयाला आली. आश्रित बाईनं जसं खाली मान घालून राहावं तशी ती कधी राहिली नाही. सगळं घर तिच्या जिभेवर चालायचं. घड्याळ घरात एकच, तेही काकांच्या खिशात. माई आपली वेळ गाड्यांवरून सांगायची. "पुण्याची गाडी लागली, आमटी उतरवा," असं ती म्हणाली की आमटी उतरलीच पाहिजे. घाट चढायच्या गाडीला कर्जतला मागून इंजिनं जोडतात, त्यांचा धक्का बसला की फळीवरचे डबे किणकिणत. त्यावर ती म्हणे, "झालं, लावला बघ ढुशा मारणारा रेडा." कडावचा एक शेतकरी आमच्याकडे वर्षाचा तांदूळ घालायचा. "माई, नवा नाय, जुना हाय, आन घेतो," असं तो म्हणे. माई एक दाणा दाताखाली धरून बघायची आणि सांगायची, "जुना आहे रे, पण तुझ्या आणेइतका जुना नाही." तो बिचारा हसत हसत दोन शेर वर घालायचा. खोटं पकडण्यात माईचा हात धरणारं त्या गावात कुणी नव्हतं. खोटं बोलण्यातही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

मला आठवं लागलं तेव्हा माझी मुंज ठरली होती. लंगोटीचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. मग एक दिवस माई म्हणाली, "यंदा नको. पुढच्या वर्षी बघू." मी पाय आपटले, जेवलो नाही. शेजारच्या दत्तूची झाली, समोरच्या दोघांची झाली. ती पोरं शेंड्या नाचवत भिक्षावळीचे लाडू खात हिंडायची आणि मला "ए बिनमुंज्या" म्हणून चिडवायची. "माझीच का नाही?" या प्रश्नाला माईचं उत्तर ठरलेलं. "तुझी थाटात करायची आहे." त्याच वर्षी तिनं माझं अंथरूण तिच्या शेजारून उचललं आणि बाहेरच्या खोलीत बंडूदादाजवळ घातलं. विनू मात्र तिच्या कुशीत. त्याच वर्षी मला कारलं खायला लावलं, स्वतःचं धोतर स्वतः पिळायला लावलं, शाईनं सुवाच्य पत्र लिहायला शिकवलं. मला वाटायचं, मी मोठा होतोय म्हणून हे चाललंय. अभिमानही वाटायचा. खरं सांगायचं तर विनू अजून बाळ आहे आणि मी मोठा आहे, ही गोष्ट मी गावभर सांगत फिरत होतो.

मग त्या वैशाखात खंडाळ्याचा बेत निघाला. वडिलांच्या आत्याच्या सासरकडचे तात्यासाहेब म्हणून एक बडे गृहस्थ पुण्याला असत. उन्हाळ्यात ते बायकोसह खंडाळ्याच्या बंगल्यात राहायला येत. त्यांनी आम्हा सगळ्यांना चार दिवस हवापालटाला बोलावलं होतं आणि न्यायला चक्क आपली मोटार पाठवणार होते! कर्जतच्या पोराला आगगाडीचं काय कौतुक. पण मोटारीत बसलेला आमच्या आळीत एकही नव्हता. आठ दिवस आधीपासून मी झोपेतही भोंगा वाजवत होतो. माईनं मला नवा कोट शिवला, जरीची टोपी आणली. बंडूदादा जुन्या कोटावर, विनू तर नुसत्या सदऱ्यावर. विनूनं भोकाड पसरलं तेव्हा माई त्याला म्हणाली, "त्याला घेऊ दे रे. तुला सगळंच मिळणार आहे." या वाक्यावर मी त्या वेळी चिडलो होतो. आज चिडत नाही. आज ते वाक्य नुसतं आठवलं तरी हातातलं काम थांबतं.

मोटार सकाळी दारात आली तेव्हा निम्मी आळी गोळा झाली होती. पाव्हण्या घोड्याला बघावं तसे लोक तिला लांबून बघत होते. ड्रायव्हर खाकी कपड्यातला, मिशीवाला, अबोल माणूस. त्यानं पुढून दांडा फिरवला, मोटार थडथडली आणि दत्तूची आजी चक्क हात जोडून मागं सरली. मी माईला विचारलं, "खंडाळा तर गाडीनं तासाभराचा. मग रस्त्यानं एवढा वळसा कशाला?" ती म्हणाली, "तुला मोटारीत बसायचंय ना?" बसायचं होतंच. आता वाटतं, आगगाडीनं नेलं असतं तर परतीची वाट मला ठाऊक असती. स्टेशनं पाठ होती माझी. रस्त्यावरचं मात्र एक झाडसुद्धा ओळखीचं नव्हतं.

चौक गावावरून खालापूर, खालापूरवरून खोपोली, असा तो रस्ता. उन्हानं फुफाटा तापलेला, भाताची खाचरं रिकामी, बांधांलगत पाल्याचा राब भाजल्याचे काळे डाग. प्रत्येक वाडीपाशी पोरं मोटारीमागं धावायची आणि मी जरीची टोपी सावरत त्यांच्याकडे राजासारखा बघायचो. खालापूरला कचेरीसमोर ड्रायव्हरनं पाणी भरलं. खोपोलीला मोठ्या तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही दशम्या सोडल्या. दुधात पीठ भिजवून केलेल्या, त्यामुळं प्रवासात चालणाऱ्या. वर लसणाची चटणी आणि गूळ. माईनं सगळ्यांत मऊ दशमी निवडून माझ्या हातावर ठेवली. नंतर आणखी एक, नंतर आणखी एक. "पोट फुटेल गं," बंडूदादा म्हणाला. ती म्हणाली, "फुटू दे." तिनं स्वतः काही खाल्लं नाही. तिचा उपास असेल, असं मी धरून चाललो. विधवा बाईला काय, कुठला ना कुठला उपास असायचाच.

घाट लागला आणि मोटारीचा सगळा तोरा उतरला. दोन वळणं चढली आणि तोंडातून वाफा सोडत उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, "उतरा. चढ संपेपर्यंत पायी चला. आणि थोरल्या, तू चाकामागं दगड लाव." बंडूदादा दगड शोधायला पळाला. विनू उडी मारायच्या बेतात होता, तर माईनं त्याला दंडाला धरून परत बसवलं. "तू बस. तुला दम लागतो." मी आणि विनू दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. विनूला दम? अहो, तो माकडासारखा चिंचेवर चढायचा आणि मी खाली उभा राहून त्याचे कपडे सांभाळायचो! पण माईच्या तोंडावर काही असं होतं की विनू मुकाट्यानं बसला, आणि मला आनंदच झाला, कारण माईचा हात आता माझ्या एकट्याच्या वाट्याला आला होता. तिनं तो इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

वळणावर एक ठाकरीण करवंदांची पाटी घेऊन बसली होती. माई तिच्याजवळ जरा टेकली. ठाकरणीनं आमच्याकडे, मोटारीकडे बघितलं. "लांब चालली गं बाय?"

"खंडाळ्याला."

"पोरं तुझीच हायेत का? त्यो गाडीत बसलाय त्यो बी?"

"तिन्ही माझीच," माई म्हणाली.

"मंग देव राखंल. घे रं बाला," म्हणून तिनं पळसाच्या पानाचा द्रोण भरून माझ्या हातात दिला. करवंदं गोड होती, ओठ जांभळे झाले. माईनं पदराला थुंकी लावून माझं तोंड पुसलं आणि पुसतच राहिली. "पुरे ना गं माई, कातडं निघेल," मी म्हणालो. ...ती 'तिन्ही माझीच' म्हणाली ते शेवटचं. त्यानंतर कुणासमोर तिनं तसं म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

खंडाळ्याचा बंगला थंडगार, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, समोर दरी. तात्यासाहेब उंच, भरघोस मिशांचे. त्यांच्या पत्नीला आम्ही काकी म्हणायचं ठरलं. आत जाताच काकींनी विनूला जवळ ओढलं आणि त्याच्या गालांवरून हात फिरवला. माई चटकन पुढं झाली. "त्याला जरा अंतरावरच राहू द्या. धाकट्याची छाती नाजूक आहे, पत्रात लिहिलं होतं ना मी." काकींनी हात आखडता घेतला. मग माईनं मला खांद्याला धरून पुढं केलं. "हा गजानन. याला कधी साधं पडसं झालेलं नाही." मी छाती फुगवून उभा राहिलो. कुणी माझी स्तुती केली की मी असाच उभा राहायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंगल्यात पाटरांगोळी झाली. सत्यनारायण आहे असं आम्हाला सांगितलं होतं. होम पेटला. मला नवा कोट काढायला लावून पीतांबर नेसवलं. भटजी मंत्र म्हणत होते आणि मधे मधे माईला काही म्हणायला सांगत होते. ती ते पुटपुटत होती. मग तिनं पळीनं तात्यासाहेबांच्या हातावर पाणी सोडलं. त्यांनी मला उचलून मांडीवर घेतलं आणि माझं डोकं हुंगलं. मिशांच्या गुदगुल्या झाल्या आणि मी खदखदून हसलो. सगळे जण हसले. मी माईकडे पाहिलं. तिच्या उजव्या हातात अजून पळी होती आणि डाव्यात विनूचं मनगट, पळून जाणाऱ्या वासराचं दावं धरावं तसं. "आता तुझं नाव माधव," भटजी म्हणाले. मला वाटलं, पूजेपुरतं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यासाहेब मला नागफणीचा कडा दाखवायला घेऊन गेले. वाटेत त्यांनी मला चाकू दिला, दुधारी, शिंगाच्या मुठीचा. परत आलो तर व्हरांड्यासमोर मोटार नव्हती. मी घरभर "माई, चाकू बघ" म्हणत हिंडलो. मागच्या दारी गेलो, विहिरीवर गेलो. काकी मला जवळ घेऊन म्हणाल्या, "त्या कर्जतला गेल्या, बाळ. तू आता आमचा. मला आई म्हणायचं." मी विचारलं, "माझे जुने कपडे?" त्याही बुचकळ्यात पडल्या. ते माईनं नेले होते. विनूला होतील म्हणून, दुसरं काय!

मी रडलो नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. मी व्हरांड्यात बसून गाड्या ऐकत राहिलो. खाली कर्जतहून निघालेली प्रत्येक गाडी ढकलत वर आणणारी ती इंजिनं माझ्या ओळखीची होती. त्यांच्या धक्क्यानं आमच्या घरातले डबे नुकतेच किणकिणले असणार. एखाद्या गाडीतून माई उतरेल आणि म्हणेल की चूक झाली. पावसाळ्याच्या तोंडाला बंगला बंद करून आम्ही पुण्याला गेलो, तोपर्यंत मी त्या गाड्या ऐकत होतो.

तात्यासाहेबांनी आणि आईनं मला कसलीही उणीव भासू दिली नाही. हे लिहिलं नाही तर मी कृतघ्न ठरेन. शिकवलं, वकील केलं, चूक झाली तर रागावले, ताप आला तर उशाशी बसले. तात्यासाहेब गेले तेव्हा मी पोरका झाल्यासारखा रडलो. तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. तक्रार माईबद्दल आहे. दोन-तीन वर्षांनी एकदा मला कर्जतला नेलं. मी धावत स्वयंपाकघरात शिरलो, तर माई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "या माधवराव. प्रवास नीट झाला ना?" मला वाटलं, ती थट्टा करतेय. बारा वर्षांच्या पोराला अहो-जाहो! पण तिनं पाट मांडला, पाणी ठेवलं आणि विचारलं, "आपल्याला तिखट चालतं ना?" दिलेलं मूल ते परक्या घरचं, त्याच्यावर हक्क दाखवू नये, अशी रीत. रीत मलाही माहीत होती. पण मी वाट बघत होतो की निदान एकदा, चुलीशी कुणी नसताना, भांडं हातातून निसटावं तसं तिच्या तोंडून 'गजू' निसटेल. सतरा वर्षांत ती एकदाही चुकली नाही. बंडूदादासुद्धा मला माधव म्हणायला लागला. गजूदादा म्हणणारा एकटा विनू राहिला, कारण त्याला कुणी काही शिकवू शकलेलं नाही.

कायद्याचा अभ्यास करताना दत्तकाचं प्रकरण आलं. परगोत्रातला मुलगा मुंजीआधी द्यावा. त्याची मुंज दत्तक घेणाऱ्याच्या घरी व्हावी, अशी जुन्या लोकांची समजूत त्यात चार ओळींत दिली होती. मी पुस्तक मिटलं आणि खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. म्हणजे खंडाळ्याच्या मोटारीत मी फसलो नव्हतो. त्याच्या वर्षभर आधीपासून मी गिऱ्हाइकासाठी बाजूला काढून ठेवलेला होतो. ते बाहेरचं अंथरूण, ते कारलं, ते सुवाच्य अक्षर... वर्षभर ती मला जेवू घालत होती, न्हाऊ घालत होती, "थाटात करू" म्हणत होती, आणि वर्षभर तिला माहीत होतं.

त्याच सुट्टीत मी कर्जतला गेलो आणि तिला मागच्या अंगणात गाठलं. ती कुरडया वाळत घालत होती. मी सरळ विचारलं, "विनू होता, मी होतो. मग मीच का?" तिचा हात थांबला नाही. "त्यांनी तुम्हांलाच मागितलं. तुमचा चेहरा तात्यासाहेबांच्या मनात भरला होता." एवढंच. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी उलटतपासणी घेतली असती. पण माईचं हे उत्तर मी घेतलं, जपून ठेवलं आणि पुढं सहा वर्षं त्याच्यावर काढली. निदान कुणीतरी मला मागून घेतलं होतं. माझ्यासाठी हट्ट धरला होता. देणाऱ्या बाईचा काय इलाज!

तार मिळाल्यावर कर्जतला पोचलो तेव्हा सगळे नदीवरून परतले होते. हिवतापानं पंधरा दिवसांत माई गेली होती. तिच्या खोलीत पणती होती, पुढच्या जन्माची पावलं उमटतात म्हणतात, त्या पिठावर उपडी टोपली होती. बंडूदादा मुंडन करून भिंतीला टेकून बसला होता. मीही त्यांच्यात बसलो. तीन दिवस आम्ही तिघं भाऊ एकत्र जेवलो, एकत्र जमिनीवर झोपलो. सतरा वर्षांत प्रथमच. तिसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर मी आणि विनू दोघंच होतो. विनू आता रेल्वेत चिकटलाय, तेवीस वर्षांचा बाप्या आहे, पण बोलायला लागला तो लहानपणच्यासारखा माझ्या जवळ सरकून.

"गजूदादा, एक सांगायचंय. माईनं सांगू नको म्हटलं होतं."

"मग नको सांगू."

"मला झोप येत नाही रे. त्यांनी तुला मागितलं नव्हतं. मला मागितलं होतं. लहान पोर लवकर विसरतं, धाकटा द्यावा, असं तात्यासाहेबांचं पत्र होतं. माईनं उलट लिहिलं, धाकट्याला दमा आहे, मधला घ्या म्हणून." त्यानं नाक पुसलं. "मला कधी दमा झाला होता रे? मी तर अजून नेरळहून माथेरान पायी चढतो."

मी विचारलं, "का म्हणाली असं, ते सांगितलं का?"

"विचारलं मी. म्हणाली, 'गजू कुठंही राहील. तू नसतास राहिलास.'"

वकील म्हणून तिची बाजू मी चांगली मांडीन. विधवा बाई, तीन मुलं, दिराच्या घरचं अन्न. एक मूल देऊन तिघांचं भलं होत असेल, तर देणं भागच होतं. दोघांतून एक निवडायचा, तर जो मोडणार नाही तो द्यावा आणि जो मोडेल तो ठेवावा, हा न्याय झाला. कुणीही न्यायाधीश मान हलवील. पण मला राग येतो. मला संताप येतो! मी रडत नव्हतो म्हणून मला दिलं. मी कारलं खाल्लं, धोतर पिळलं, बाहेरच्या खोलीत एकटा झोपलो, शहाण्यासारखा वागलो, आणि तिनं बघून घेतलं की हा राहील. आणि मी राहिलोही. तिचा अंदाज खरा ठरवून दाखवला. एक दिवस जरी भोकाड पसरलं असतं, तर कुणी सांगावं? आणि मग वर ते खोटं. 'तुम्हांलाच मागितलं.' डोळ्यांत बघून नाही, कुरडयांकडे बघून. दाण्यावरून तांदळाचं वय सांगणाऱ्या त्या बाईला माझ्या तोंडावरून कळलंच असणार की हा हे उत्तर घेऊन जाईल आणि पुन्हा विचारायला येणार नाही. आता विचारायचं तरी कुणाला?

विनू म्हणाला, "तू मला माफ कर." मी म्हटलं, "तू सहा वर्षांचा होतास रे. तुझा काय संबंध?" हे मी बोललो, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं. ते मनगट मला दिसत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी नियमाप्रमाणं आंघोळ केली आणि माझं सुतक फिटलं. त्यांचे अजून सात दिवस होते. म्हणजे आता मी शुद्ध, ते अशुद्ध. मला त्यांचा स्पर्श नको, त्यांच्या घरचं अन्न नको. बंडूदादाची बायको दाराआडून, अंतर राखून म्हणाली, "भावजी, तुमचं ताट शेजारून सांगितलंय. आमचं तुम्हांला आता चालायचं नाही." खरंच शेजारच्या काकू झाकलेलं ताट घेऊन आल्या. वरण, भात, भाजी, लोणचं, पोळीवर तूप. मला बाहेर ओटीवर पाट मांडला. आत माईच्या खोलीसमोर माझे दोघे भाऊ पत्रावळीवर बसले होते.

मी पाटावर बसलो. आचमनासाठी हातावर पाणी घेतलं, आणि ते तसंच टाकून उठलो. आत गेलो. बंडूदादा ओरडला, "माधव, शिवू नकोस, अरे!" वहिनी "अगबाई" म्हणून मागं सरल्या. मी विनूच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि त्याच्या पत्रावळीत हात घातला. माईला क्षमा केली म्हणून नव्हे. तिनं दोघांतून ज्याला ठेवलं, त्याच्या पानातला माझा वाटा मला हवा होता. विनूनं पत्रावळ जरा माझ्याकडे सरकवली. पुण्याला परतल्यावर आईनं आणि भटजींनी माझ्याकडून प्रायश्चित्त करवून घेतलं, ते मी मुकाट्यानं केलं.

सुतकातला भात. त्यात मीठ नसतं. मी मागितलंही नाही.